पायाखालचं नाव

डॅलसमधल्या एका म्युझियममध्ये सीरियातल्या प्राचीन चर्चच्या फरशीचा एक तुकडा पाहायला मिळाला. तो भिंतीवर टांगलेला होता. शेकडो वर्षं लोक जिच्यावरून चालत आले, तिच्यासमोर आता दोरी होती आणि हात लावू नका अशी पाटी. जमिनीचं असं प्रमोशन मी पहिल्यांदाच पाहत होतो.

माझ्याबरोबर काका होते. डॅलसजवळच्या प्लेनोत आमच्या शेजारी राहणाऱ्या मित्राचे वडील, नागपूरचे निवृत्त पीडब्ल्यूडी इंजिनियर. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार पाच साली, सुनेच्या बाळंतपणासाठी काका-काकू आले होते. बाळाचं बारसं व्हायच्या आतच काकू झोपेत गेल्या. सगळं इथंच उरकावं लागलं. काकांचं परतीचं तिकीट जूनअखेरचं होतं, आणि तोवर ते घरात कुठल्या खुर्चीत बसावं हे न कळलेल्या पाहुण्यासारखे वावरत होते. मित्रानं मला सांगितलं, यार, यांना कुठेतरी घेऊन जा.

फरशीवर रंगीत दगडांचे बारीक तुकडे बसवून काढलेले द्राक्षाचे वेल होते, दोन तित्तिर होते आणि खाली ग्रीक अक्षरांच्या ओळी. शेजारी भाषांतर लावलं होतं. आधी बिशपचं नाव, मग चर्चचा कारभार पाहणाऱ्याचं, आणि सगळ्यात शेवटी एका माणसाचं आणि त्याच्या मेलेल्या बायकोचं, जिला शांती लाभावी म्हणून त्यानं एवढी फरशी करवून घेतली. विश्वस्त आधी, मयत शेवटी, ही पद्धत आपण शोधलेली नाही, असं मी म्हणालो. काका हसले नाहीत. हे कुठं होतं, एवढंच त्यांनी विचारलं. दारातून आत शिरल्याबरोबर, असं पाटीवर लिहिलं होतं.

"म्हणजे सगळ्यांचे पाय लागले असतील," काका म्हणाले, आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले.

घरी आल्यावर त्यांनी मुलाला सांगितलं, जाण्याआधी तुझ्या आईचं नाव इथं जमिनीत बसवायचं आहे.

आधी आमच्या मराठी मंडळाच्या नव्या हॉलसाठी विचारून पाहिलं. कमिटीनं भिंतीवर पितळी पाटी देऊ केली. देणगीच्या आकाराप्रमाणे अक्षरांचा आकार ठरत होता. जमिनीवर मात्र नाव घालता येणार नव्हतं. तिथे कॅटलॉगमधून निवडलेला ग्रॅनाइट येणार होता आणि त्याचं आधीच ठरावासकट अनुमोदन झालं होतं.

राहिलं घर. मुलगा म्हणाला, "बाबा, आईवर पाय देत आम्ही आत-बाहेर करायचं?"

"देवळाच्या पायरीवर नाव काहून घालतात? येणाऱ्याच्या पायाची धूळ लागावी म्हणूनच ना? ती इथं गेली. इथं तिचं काय आहे?"

मी मध्ये पडून सांगितलं, की हा वाद जुनाच आहे. क्रूसावर पाय पडू नये म्हणून एका रोमन सम्राटानं जमिनीवर क्रूस काढायला बंदी घातली होती, आणि तरीही कारागीर ते काढत राहिले. कुणाचीच बाजू न घेणारी माहिती दोन्ही बाजूंना राग आणते, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी मुलगा मागच्या दाराबाहेरच्या जागेसाठी तयार झाला. पुढच्या दाराशी काही करायची सोय नव्हती, कारण गवताच्या उंचीवर लक्ष ठेवणारी आमची सोसायटी उंबऱ्यावरही लक्ष ठेवून होती. त्याची अट एकच, तिथं कुणी पाय द्यायचा नाही. काका टेप घेऊन मापं घ्यायला गेले.

रीत मी लायब्ररीतल्या पुस्तकांतून काढली. ती चर्चं बांधणारे आधी जमीन चोपून तीत मोठे दगड बसवत. त्यावर चुना आणि खडी. त्यावर चुना आणि विटेची पूड. सुरखी, हे ऐकल्यावर काकांचा चेहरा कित्येक दिवसांनी जरा हलला. पहिल्या पोस्टिंगला त्यांनी सुरखीतला एक जुना पूल दुरुस्त केला होता. सगळ्यात वर मऊ चुन्याचा पातळ थर. त्यावर लाल रंगानं रेघा आखायच्या आणि ओल्या चुन्यात दगडाचे तुकडे दाबत जायचं. थर पसरायचा तोही वाळायच्या आत भरून होईल तेवढाच. म्हणून त्या फरशा वावरासारख्या तुकड्या-तुकड्यानं पुढं सरकत.

खालचे थर आम्ही दोघांनी घातले आणि घट्ट होऊ दिले. टेक्सासचा फिकट चुनखडक पार्श्वभूमीला, पाटीचा काळा दगड अक्षरांना. काका रोज गॅरेजमध्ये बसून तुकडे पाडत. मुलगा येता-जाता बघायचा.

नाव बसवायच्या सकाळी काकांनी थर एकदम सगळ्या नावापुरता पसरला. मी म्हटलं, पुस्तकात असं नाही. ते म्हणाले, पुस्तकवाल्याला विमान पकडायचं नव्हतं. शेवटच्या अक्षरापाशी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं, आणि तुकडा आत जाईना. काकांनी अंगठ्यानं दाबला, मग हातोडीच्या दांड्यानं. तुकडा फुटला.

चुना इतक्या लवकर धरत नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"सिमेंट टाकलं थोडं," काका म्हणाले. "नुसत्या चुन्यावर भरवसा नाही वाटला बापा. मी गेल्यावर उखडलं असतं तर?"

चाळीस वर्षं सिमेंटवर सह्या केलेल्या माणसाला दुसरं काही सुचणं अवघडच होतं. ते तिथंच मांडी घालून बसले. त्यांच्यासमोर काकूंचं नाव शेवटी तुटलेलं होतं, आणि दोन दिवसांवर विमान.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. मुलगा बाहेर आला. हातात छिन्नी नव्हती, जाड स्क्रूड्रायव्हर होता. तो ओणवा झाला आणि शेवटच्या अक्षराच्या जागेचं सिमेंट हळूहळू फोडू लागला, शेजारचं अक्षर तळहातानं झाकून. काका त्याला कुठून फोडायचं ते बोटानं दाखवत होते. मी नुसता चुना कालवला. शेवटचं अक्षर मुलानंच बसवलं. ते बाकीच्यांपेक्षा किंचित उंच राहिलं. काकांनी ते घासून समतल करायला दगड उचलला, आणि परत ठेवून दिला.

काका नागपूरला परतले. मागे मुलासाठी पाणी मारायचं काम राहिलं. टॉवेल ओले करून नावावर टाकायचे, वाळले की पुन्हा ओले करायचे. नागपूरहून फोन आला की पहिला प्रश्न तोच असायचा, पाणी मारलं का. आईबद्दल दोघं एरवी काही बोलत नसत. पाण्याबद्दल मात्र सविस्तर बोलत. टॉवेल निघाल्यावरही मुलगा त्या दारातून लांब ढांग टाकूनच जायचा, आणि आम्हालाही टाकायला लावायचा.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी मी त्यांच्या मागच्या अंगणात चहा घेत बसलो होतो, तेव्हा फोन आला. काकांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"पक्कं झालं का?"

"झालं, बाबा."

"पाय दिलास का?"

मुलगा नावापासून हातभर लांब, गवतात उभा होता.

"हो," तो म्हणाला. "उभाच आहे."

फोन कानाला तसाच धरून मुलानं पायातून चपला काढल्या, पुढं आला, आणि एक पाऊल नावावर ठेवलं. मग दुसरं.

"गरम आहे बाबा," तो म्हणाला. "ऊन आहे इथं."