राहनाळच्या घराची चतुःसीमा

राहनाळच्या त्या घराची चतुःसीमा मला आजही तोंडपाठ आहे. घर माझे नव्हते. मी तिथे एक दिवसही राहिलो नाही. तरी पूर्वेला काय, पश्चिमेला काय, हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. त्या प्रकरणात सुरुवातीला पुरावा म्हणून तेवढेच हाती होते.

नोकरीची शेवटची वर्षे मी भिवंडीत काढली. निजामपुरा भागातील एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एके दुपारी ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. पलीकडे एक वकीलबाई होत्या. त्यांनी हलक्या आवाजात सांगितले की कार्यालयात एक घर विकणारी बाई आणि तिचा दलाल बसले आहेत, बाई तोतया असावी, आणि झेरॉक्स काढायला कारकून गेला आहे या सबबीवर दोघांना थांबवून ठेवले आहे.

"साध्या वेशातला माणूस पाठवा, साहेब. जीप गल्लीत आणू नका. जीप अडकते आणि माणसे निसटतात."

हद्द माझी आणि सूचना त्यांच्या. मला ते आवडले नाही. सूचना मात्र योग्य होती. एक महिला हवालदार बरोबर घेऊन मी पायीच निघालो.

या वकीलबाईंविषयी मी ऐकून होतो. यंत्रमागाच्या, म्हणजे लूमच्या, एका कारखान्याच्या माडीवर त्यांचे कार्यालय होते. खाली लूम सुरू असले की वर टेबलावरचा चहा थरथरत असे. भिवंडीत घर विकायचे म्हणजे दलाल गाठायचा, अशी रीत. दलाल विकणाऱ्याला एक सांगतो, घेणाऱ्याला दुसरे, आणि दोघेही ते गृहीत धरून चालतात. या बाई दलालाला मध्ये घेत नसत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसवीत, कागदांचा शोध घेत, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देत आणि घर स्वतः पाहून येत. बाजारातले दलाल म्हणत, "बाईचं कोर्टात चालत नाही, म्हणून घरं विकते." वकिलांविषयी माझेही मत फारसे चांगले नव्हते. साक्षीदार फोडणारी जमात, एवढाच माझा अनुभव.

वर गेल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन हकीकत सांगितली. घर राहनाळचे. घेणारा एका लूम कारखान्यात मास्तर. घर त्याला दलालाने दाखवले होते, पण व्यवहार याच वकीलबाईंकडे होईल, असा त्याने हट्ट धरला; त्याच्या सोबत्याचे घर त्यांनी बिनतक्रार करून दिले होते. गिऱ्हाईक सुटू नये म्हणून दलाल नाइलाजाने घर विकणाऱ्या बाईला घेऊन तिथे आला होता.

खरेदीखताचा मसुदा तयार झाला की वकीलबाई तो टेबलावर पालथा ठेवीत आणि विकणाऱ्याला विचारीत, "आता तुमच्या घराच्या चार बाजू तोंडाने सांगा." दलालाने आणलेल्या बाईने न अडखळता सांगितले: पूर्वेस भातशेत, पश्चिमेस पायवाट, दक्षिणेस सार्वजनिक विहीर, उत्तरेस चुलत्याचे घर.

"मग यात चुकले काय?" मी विचारले. मसुद्यात हेच होते.

"हे जुन्या खतातले आहे, साहेब, मसुद्यात मी मुद्दाम तसेच ठेवले. मी काल जागा पाहून आले. पूर्वेला भात पिकत नाही, तिथे गोडाऊन उभे आहे. पायवाटेवरून ट्रेलर जातात."

"म्हातारी माणसे जुनेच बोलतात."

"खरी मालकीण शेत म्हणेलही. पण आधी गोडाऊनला शिव्या देईल. त्याने तिचा सकाळचा उजेड अडवला आहे."

युक्तिवाद चतुर वाटला. चतुर युक्तिवादावर अटक करता येत नाही. दोघांना ठाण्यात आणले, डायरीला नोंद घेतली आणि कागद तपासले. आधार कार्डावर त्याच बाईचा फोटो. घरपट्टीची पावती चालू वर्षाची. मूळ खत गहाळ झाल्याचा दाखला जोडलेला होता, आणि त्यावर आमच्याच ठाण्याचा शिक्का होता. खत हरवले असे कोणी येऊन सांगतो, आम्ही लिहून घेतो, शिक्का मारतो. एवढी वर्षे त्यात मला काही वावगे दिसले नव्हते.

दलाल निर्धास्त होता. शांतता समितीच्या बैठकांना तो पहिल्या रांगेत बसत असे, म्हणून ओळख. खुर्चीवर ऐसपैस बसून म्हणाला, "साहेब, वकिलानं घरं विकायची, तर आम्ही काय काळा कोट घालून कोर्टात उभं राहायचं? बाईला आमचा धंदा खायचाय, दुसरं काय."

खरे सांगतो, मी त्यांना समज देऊन सोडण्याच्या बेतात होतो. एका हवालदाराला राहनाळला पाठवले होते. तो येईपर्यंत वेळ काढायचा म्हणून दोघांना वेगळे बसवले आणि महिला हवालदारासमोर बाईची विचारपूस सुरू केली. नाव, नवऱ्याचे नाव, गाव, सगळे घडाघडा आले. मग वकीलबाईंचे बोलणे आठवले आणि सहज विचारावे तसे विचारले, "शेजारपाजाऱ्यांचा काही त्रास?"

"न्हाय साहेब. सगली मानसं चांगली हायेत."

मी पेन खाली ठेवले. एवढ्या नोकरीत शेजाऱ्याविरुद्ध तक्रार नसलेला घरमालक मला भेटला नव्हता. कोणाची मोरी, कोणाचा पत्रा, कोणाचे कुत्रे. ज्याचे घर आहे त्याला शेजारी आहे, आणि ज्याला शेजारी आहे त्याला गाऱ्हाणे आहे. ठाण्यातले निम्मे अदखलपात्र गुन्हे त्यावर चालतात. या बाईचे राहनाळमध्ये कोणाशीच वाकडे नव्हते, याचा अर्थ राहनाळमध्ये तिचे कोणीच नव्हते.

एवढ्यात राहनाळहून हवालदाराचा फोन आला. शेजारीण सांगत होती, "ती बाय लेकीकरं हाय, उरनला. तिच्या डोल्याचा आपरेशन झालाय." घराला कुलूप होते.

महिला हवालदाराने बाईपुढे पाण्याचा पेला ठेवला आणि फोनवरचा निरोप जसाच्या तसा सांगितला. बाईने पदर तोंडाला लावला. मग बोलली. ती मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला होती. नाव सांगायचे, चार ओळी म्हणायच्या, अंगठा द्यायचा, एवढेच काम असल्याचे दलालाने सांगितले होते. ओळी त्याने शाळेतल्या कवितेसारख्या पाठ करून घेतल्या होत्या. "ती म्हातारी मेलीय म्हनला, साहेब. मेलेल्याचं घर, कोनाचा काय जातो?"

मी शब्दन् शब्द जबाबात घेतला. तो जबाब वाचून दाखवल्यावर दलाल प्रथमच खुर्चीत सरळ बसला आणि बोलता झाला. दोन वर्षांपूर्वी मालकिणीने घर विकायला म्हणून त्याच्याकडेच कागद दिले होते. गिऱ्हाईक मिळत नाही, असे सांगून त्याने ते परत केले आणि प्रती स्वतःकडे ठेवल्या. बाकीचे कागद एका दुकानात तयार करून घेतले. ते दुकानही सापडले. बनावट दस्तऐवज आणि तोतयेगिरी, दोन्हींचा गुन्हा दाखल झाला. दोषारोपपत्र मीच पाठवले. पुढचे न्यायालयाने पाहिले.

फिर्याद द्यायला खरी मालकीण आली. डोळ्यांवर काळा चष्मा, लेकीचा हात धरलेला. त्या तोतया बाईचा अंगठा नोंदला गेला असता, तर ऑपरेशन करून ती दुसऱ्याच्या घरी परतली असती. सहीच्या आधी तिने मला एकच विचारले, "घर माझा हाय ना अजून?" आहे, म्हणालो. मग तिने सही केली. नंतर वकीलबाईंकडे वळून म्हणाली, "घर मला इकायचाच हाय. लेकीकरं ऱ्हायाचाय. पन आता तूच इक."

घेणाराही तोच. लूम मास्तर दुसरे घर पाहायला गेला नव्हता. वकीलबाईंचा साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा राहिला होता, म्हणून नवे खरेदीखत व्हायच्या दिवशी मी माडीवर गेलो आणि कोपऱ्यात बसलो. त्यांनी मसुदा पालथा केला आणि म्हातारीला तोच प्रश्न विचारला.

"उगवतीला तो मेला गोडाऊन," म्हातारी म्हणाली. "सकालचा ऊन खाल्लान माझा." वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हातारी पुढे सांगत गेली. पश्चिमेचे ट्रेलर, उत्तरेच्या चुलत्याने रेटत आणलेले कुंपण, दक्षिणेची विहीर. विहिरीवर आता सिमेंटचे झाकण होते, म्हणून मसुद्यात 'मोकळी जागा' असे लिहिले होते. म्हातारीने ते ऐकले आणि अडली. "हीर लिव. झाकली म्हनून न्हायशी झाली काय?" वकीलबाईंनी 'झाकलेली विहीर' असे दुरुस्त केले आणि पान पुन्हा छापायला पाठवले.

मग लूम मास्तराला एक एक उणीव समजावून सांगितली. सकाळी उजेड नाही, रस्त्यावर हॉर्न, कुंपणाचा वाद. दलालाने यातले एकही सांगितले नव्हते. मास्तर हसला. "मॅडम, बारा साल लूमच्या वरती झोपलो. हॉर्नचं काय टेन्शन घ्यायचं?" म्हातारीही हसली. विकणारा आणि घेणारा एकत्र हसताना मी प्रथमच पाहत होतो.

मी जन्मभर माणसांना प्रश्न विचारले. पाठ केलेले उत्तर आणि जगलेले उत्तर यांतला फरक मला कळतो, असा माझा समज होता. तो फरक त्या बाईंना माझ्याआधी कळला, कारण त्या जागा पाहून आल्या होत्या आणि मी शिक्का पाहत होतो. त्यानंतर गहाळ कागदाचा दाखला देण्याआधी माणूस पाठवून पत्ता पडताळण्याचा आदेश मी ठाण्यात काढला. शिपाई कुरकुरले. आदेश मी मागे घेतला नाही.

निवृत्तीनंतर भिवंडीतील माझी सदनिका विकायची ठरली. दोन दलाल घरी येऊन गेले. मी माडीवर गेलो. मसुदा तयार झाल्यावर वकीलबाईंनी तो माझ्यापुढे पालथा ठेवला. तीन बाजू सांगितल्या. उत्तरेला कोण, ते आठवेना. नऊ वर्षे मी त्या घरात राहिलो होतो. राहिलो म्हणजे ड्युटीवरून येऊन झोपलो होतो.

"साहेब, उद्या या," त्या म्हणाल्या.

घरी येऊन पत्नीला विचारले. तिने मला स्वयंपाकघरात नेऊन खिडकी उघडली. दुसऱ्या दिवशी माडीवर जाऊन सांगितले: उत्तरेस निवृत्त शिक्षिकेचे घर, तिच्या कुंड्यांचे पाणी नऊ वर्षे आमच्या खिडकीत गळते आहे.

वकीलबाईंनी कागद सुलटा केला आणि पेन माझ्या हाती दिले.