सावली लागली की दुसरा गिअर

भुताखेतांचे अनुभव वाचायला मला आवडतात, पण ते खरे मानणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आमच्या दाराला कधी लिंबू-मिरची लागली नाही आणि माझ्या क्लासच्या गाडीलाही नाही. त्यामुळे हे लिहिताना मला भीती वाटत नाहीये, चीड येतेय. इतकी वर्षं ज्यांची टिंगल केली त्यांच्या पंगतीत मला आणून बसवलंय... आणि कोणी, ते मला सांगता येत नाही.

मी पनवेलमध्ये बायकांना गाडी चालवायला शिकवते. माझ्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच आहे, आणि आमच्या भागातल्या रस्त्यांवर तो ब्रेक मी सारखा वापरते. एकीकडून न्हावा शेवाकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर, दुसरीकडून रिक्षा, मधून आपल्याच वडिलांचा रस्ता असल्यासारखे जाणारे बाइकवाले. थोडक्यात वाचलो, असं मी घरी इतक्या वेळा सांगते की आता नवरा पेपरातून डोकंही वर काढत नाही.

रस्त्यावरच्या बोर्डांवर मी भरवसा ठेवत नाही. बहुतेक ठिकाणी ते नसतात, आणि असले तर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या बॅनरमागे असतात. म्हणून मी झाडांवरून शिकवते. जांभळीच्या अलीकडे इंडिकेटर दे, चिंच दिसली की आरसा बघ, आणि वळणावरच्या रेन ट्रीची सावली लागली की दुसरा गिअर. हे वळण आमच्या कॉलनीच्या मागच्या रस्त्यावर आहे. पलीकडचं काही दिसत नाही, आणि लांबचा फेरा वाचवायला ट्रेलरवाले तिथे बिनदिक्कत उलट्या बाजूने घुसतात. पण त्या झाडाने दोन्ही बाजूंनी रस्ता झाकलेला होता. रणरणत्या उन्हातून त्या अंधाऱ्या गारव्यात शिरलं की ट्रेलरवालासुद्धा आपोआप हळू व्हायचा.

मग त्या वळणाला लागूनच आमचं कम्युनिटी पार्क आलं. पार्कला माझा विरोध नव्हता, मुलांना खेळायला जागा नकोय का? पण गेट नेमकं वळणावर काढलं, आणि गेटच्या आड झाड येतं म्हणून झाड तोडायचं ठरलं. बाग करायची म्हणून झाड तोडायचं! हे मी कॉलनीतल्या बऱ्याच जणांना म्हणून दाखवलं, कोणालाच त्यात वावगं दिसलं नाही.

पार्क समितीचे अध्यक्ष गजाननभाऊ. मूळचे इथल्याच गावातले, वडिलांची भातशेती होती, त्यावर आता त्यांच्याच बिल्डिंगी उभ्या आहेत. माणूस वाईट नाही. मी त्यांना समजावलं, की संध्याकाळी पोरं या गेटमधून धावत थेट ट्रेलरच्या पुढ्यात येतील, गेट मागच्या गल्लीत घ्या, आणि झाडामुळे गाड्या हळू होतात तर ते राहू द्या.

"मॅडम, गेट काय गल्लीत असतं का?" ते म्हणाले. "कमान दिसाया पायजे. आनि झाडाचं काय, आमी आत लावनार हाय ना. पाम."

पाम! मी तिथून उठलेच. ते झाड वड किंवा पिंपळ असतं तर चार बायका दोरे घेऊन आडव्या आल्या असत्या. रेन ट्रीला कोण विचारतं? रमजानच्या सुरुवातीला एका सकाळी ते तोडलं, आणि मी क्लास घेऊन तिथे पोचले तेव्हा नुसता बुंधा उरला होता.

आता जे घडलं ते. नफिसा माझी विद्यार्थिनी. तिचा नवरा कुवेतला, घरी सासूचे गुडघे गेलेले, त्यांना दवाखान्यात न्यायला ती गाडी शिकत होती. रमजानभर तिने सुट्टी घेतली होती, आणि ईदनंतर पहिल्यांदाच क्लासला आली. राहते पनवेलच्या बाजारपेठेत, त्यामुळे आमच्या कॉलनीकडे ती मधल्या काळात फिरकलेलीच नव्हती. झाड गेल्याचं मी तिला सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या विषयावर बोलताना माझा आवाज चढायचा, आणि शिकणाऱ्या माणसापुढे मी आवाज चढवत नाही.

दुपार होती. ऊन असं की खिडकीवर ठेवलेला माझा हात भाजत होता. नफिसा तिसऱ्या गिअरमध्ये छान चालवत होती आणि मी तिला सासूबाईंबद्दल विचारत होते. वळण जवळ आलं आणि माझ्या हातावरचं ऊन गेलं. डॅशबोर्ड काळवंडला, त्यावर उन्हाचे लहान लहान ठिपके हलायला लागले, गार वाटलं. मला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही... तिथे कायम असंच व्हायचं ना! नफिसाने डोळ्यांसमोरची उन्हाची झडप वर केली, वेग कमी केला आणि मी न सांगता दुसरा टाकला.

तेवढ्यात वळणातून ट्रेलर आला. उलट्या बाजूने, म्हणजे सरळ आमच्या अंगावर.

नफिसाने ब्रेक दाबला, मीही दाबला, आणि गाडी जागेवर थांबली. ट्रेलर शेवटच्या क्षणी वळला आणि आमचा उजवा आरसा मोडून निघून गेला. थांबला नाही, अर्थातच. तिसऱ्यात असतो तर आम्ही त्याच्याखाली गेलो असतो. हा मी माझ्या धंद्यातल्या अनुभवावरून काढलेला हिशोब आहे, त्यात अमानवीय काही नाही.

नफिसाचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. "अल्लाह का शुकर," ती पुटपुटत होती. मग म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगितलेलं ना, सावली लागली की दुसरा. म्हणून टाकला मी."

"शाब्बास," मी म्हटलं. आणि मग माझं लक्ष बॉनेटवर गेलं. बॉनेटवर लख्ख ऊन होतं.

नफिसाने मान वाकवून काचेतून वर पाहिलं, मग बाजूला पाहिलं. "मॅडम... झाड कुठंय?"

मी बुंध्याकडे बोट केलं. ती रडायला लागली, आणि लाज कसली, मीही रडले.

नंतर मी सगळी कारणं तपासली. ढग म्हणाल तर आकाश कोरं होतं, आणि ढगाच्या सावलीत ठिपके पडत नाहीत. ट्रेलरची सावली म्हणाल तर तो दिसायच्या आधीच ती पडली होती. सवयीने भास झाला, असं नवरा म्हणतो. पण सवयीने हातावरचा चटका थांबतो का? आणि दोघींना एकाच वेळी? बरं, दुसऱ्याच दिवशी त्याच वेळेला मी एकटी तिथून गेले, आणि नंतरही जातेच आहे. सावली पुन्हा कधी पडली नाही. बुंध्यापाशी ऊन भाजून काढतं.

मी नफिसाला घेऊन गजाननभाऊंकडे गेले. मोडलेला आरसा दाखवला, उलट्या बाजूने येणाऱ्या ट्रेलरबद्दल सांगितलं, गेट बंद करा म्हटलं. ते मोबाइलमध्ये बघत हं हं करत होते. मग नफिसाने सावलीचं सांगितलं, तसा त्यांनी मोबाइल खाली ठेवला.

"आदी का नाय सांगितलं?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा खरंच उतरला होता. "आमी उद्याच नारल ठेवतो तितं."

आणि ठेवला! बुंध्यापाशी दगड मांडला, त्याला शेंदूर लावला, समितीतली सगळी मंडळी सहकुटुंब हजर होती. माझ्या मोडलेल्या आरशासाठी एक माणूस खुर्चीतून उठला नव्हता. गेट जिथे होतं तिथेच राहिलं. पार्कचं उद्घाटनही झालं, डीजे लावून.

आता रोज संध्याकाळी त्या गेटमधून पोरं बॉलमागे धावत रस्त्यावर येतात. म्हणून मी क्लास संपला की माझी गाडी त्या बुंध्याला लागून, चारही इंडिकेटर चालू ठेवून उभी करते, आणि अंधार पडून पोरं घरी जाईपर्यंत आत बसून राहते. लोक मला शिव्या घालतात, पण हळू होतात. त्या दुपारी काय झालं ते मला अजून कळलेलं नाही, आणि कधी कळेल असं वाटतही नाही.

काल ट्रॅफिक हवालदार आला. "काय मॅडम, वळणावर गाडी? तुम्ही तर लोकांना शिकवता."

मी त्याला पोरं दाखवली, गेट दाखवलं, ट्रेलर कुठून येतात ते दाखवलं. म्हटलं, इथे झाड होतं तोवर मला थांबावं लागत नव्हतं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग देवळात जावं तसा बूट काढून दगडापाशी गेला, हात जोडले, आणि परत येऊन मला गाडी काढायला सांगितली.

मी काढली नाही.