थोरल्याचा बिल्ला

मिलच्या टाइम ऑफिसात मी नऊ वर्षं काढली. माझं अक्षर फार सुंदर आहे, असं तिथं सगळे म्हणायचे. हे मी कौतुकानं सांगत नाही. त्या सुंदर अक्षरात लिहिलेली एक ओळ आठवली की आजही माझं तोंड कडू होतं.

काम साधं होतं. भोंगा झाला की माणसं खिडकीसमोर रांग लावायची. प्रत्येकाकडं पितळेचा बिल्ला, त्यावर नंबर. बिल्ला खिडकीत पडला की मी हजेरीपुस्तकात त्या नंबरापुढं खूण करायचो. माणसाकडं बघायची गरज नव्हती. पण रोज तीच खिडकी म्हटल्यावर चेहरे पाठ होतातच, त्यामुळं कुणाच्या बिल्ल्यावर कोण आत चाललंय हे मला बरोबर कळायचं. मी बघून न बघितल्यासारखं करायचो. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, तेच करायचा आणि त्याच्या वरचे साहेबही. कायम कामगाराला दोन दिवस गावी जायचं असलं की तो आपला बिल्ला भावाला नाहीतर मेहुण्याला देऊन जायचा. त्याचा खाडा वाचायचा, मिलचं यंत्र चालू राहायचं, आणि आत गेलेल्या माणसाचं नाव कुठंच लिहावं लागायचं नाही. सगळ्यांचीच सोय होती.

सांगोल्याकडचे दोघे भाऊ होते. थोरला कार्डिंग खात्यात कायम. तिथं दातेरी रुळांवर कापूस विंचरला जायचा आणि माणसं पांढऱ्या भुवया घेऊन बाहेर पडायची. धाकटा बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून फोडून कंटाळला आणि थोरल्याकडं आला, तो राहिलाच. कुंभारीच्या वाटेवर दोघांची एक खोली होती. धाकटा बावीस-तेवीसचा, भारी चेष्टेखोर. थोरल्याचा बिल्ला घेऊन आला की खिडकीत वाकून हळूच म्हणायचा, "सायेब, आज मी दादा हाय बरं का." मी म्हणायचो, "या दादा, आत चला." रोजच्या खर्डेघाशीत तेवढीच करमणूक.

त्या दिवशीही आम्ही हेच बोललो होतो. थोरल्याची बायको गावी बाळंत झाली होती आणि तो मुलाचं तोंड बघायला गेला होता.

सकाळी दहाच्या सुमारास मला खात्यातून बोलावणं आलं. अपघाताचं रजिस्टर घेऊन गेलो. रुळाशी कापूस अडकला होता आणि यंत्र चालू असतानाच धाकट्यानं तो ओढायला हात घातला होता. यंत्र थांबवूनच कापूस काढावा, अशी पाटी भिंतीवर होती. ती इंग्रजीत होती. आणि यंत्र थांबवलं की जॉबर आईबहिणीवरून सुरू व्हायचा, त्याला पाटीची गरज नव्हती. त्यामुळं सगळेच चालू यंत्रात हात घालायचे.

तो कापसाच्या गाठोड्याला टेकून बसला होता. डाव्या हाताला कुणीतरी मूठ मूठ कापूस लावून धोतराचा तुकडा गुंडाळला होता. आत पंजा नव्हता, हे कुणी सांगायची गरज नव्हती. कंपाउंडर बाटली शोधत होता. जॉबर माझ्या मागं उभा राहिला. मी रजिस्टर उघडलं, टोपण काढलं, आणि ज्याला तीन तासांपूर्वी "या दादा" म्हटलं होतं त्याला विचारलं, "नाव?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग थोरल्याचं नाव सांगितलं. बापाचं नाव, गाव, सगळं नीट, शाळेत सांगावं तसं. माझ्या मागं जॉबरनं सोडलेला श्वास मला मानेवर जाणवला.

मी लिहिलं. सुंदर अक्षरात.

मला तेव्हा वाटलं होतं, मी उपकार करतोय. हे मुद्दाम सांगतो, कारण माझा मला सगळ्यात जास्त राग येतो तो इथंच. बिल्ला दिल्याचं उघड झालं असतं तर थोरल्याची नोकरी गेली असती, हे धाकट्यानं त्या वेदनेतही ओळखलं होतं. आणि आम्हा सगळ्यांचा हिशेब सरळ होता. अपघात झालाय, हात गेलाय, भरपाई मिळणारच. ती थोरल्याच्या नावानं आली काय नि धाकट्याच्या नावानं आली काय, चूल तर एकच.

तिसऱ्या दिवशी थोरला गावाहून आला. दवाखान्यात भावाची खाटही त्याच्याच नावावर होती. तिथून तो तडक माझ्याकडं आला, माझ्या टेबलाशी उकिडवा बसला आणि बराच वेळ रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "काय बी बिघडत न्हाय, सायेब. पैसं माज्या नावानं येऊ द्यात की. त्यातनं गेटापाशी त्याला पानाची टपरी टाकून देतो. एका हातानं पान लावता येतंय, मी बगितलंय." मी म्हणालो, येतील पैसे. इतक्या ठामपणे म्हणालो की त्याला बरं वाटलं.

जखम भरायला दोन महिने लागले. त्यानंतर भरपाईसाठी कामगार विम्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. मिलचे कागद घेऊन मीही गेलो. थोरला सोबतीला म्हणून आला आणि बाकावर बसला. धाकटा थोरल्याचं विम्याचं कार्ड घेऊन खिडकीपाशी उभा राहिला. तिथला कारकून तोंडात पानाचा तोबरा धरून बोलत होता. त्यानं जाडजूड फाइल काढली. त्यात थोरल्याला कामावर घेताना उमटवलेला अंगठा होता. त्यानं शाईचा पॅड पुढं सरकवला.

"डावा अंगठा."

धाकट्यानं उजवा पुढं केला.

"डावा म्हटलं मी."

धाकट्यानं मनगटाचं थोटूक खिडकीवर ठेवलं. कारकुनानं ते बघितलं, तोबरा इकडचा तिकडं केला आणि म्हणाला, "ओळख पटवायला डावाच लागतो. उजवा चालत नाही." माणूस दुष्ट नव्हता. त्याला खरंच तेवढंच दिसत होतं.

आणि तेवढ्यात थोरला बाकावरून उठला. आपला भाऊ अडलाय, एवढंच त्याला कळलं. धावत आला आणि आपला डावा हात खिडकीतून आत घालत म्हणाला, "अंगठा लागतोय व्हय? ह्यो घ्या की माजा! फायलीत माजाच हाय त्यो."

मी हात धरायला गेलो तोवर उशीर झाला होता. कारकुनानं त्याचा अंगठा शाईत बुडवला, कागदावर दाबला, भिंग लावून बघितलं आणि मान डोलावली. "जुळतोय. अगदी जुळतोय. मग हात कुठं गेलाय तुमचा?"

रांगेतली माणसं हसली. शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. आणि खोटं कशाला सांगू, मीही हसलो.

डॉक्टर आला. त्यानं थोरल्याचा हात उलटासुलटा करून बघितला, बोटं मिटायला लावली, उघडायला लावली आणि इजा नाही असं लिहिलं. धाकट्याकडं बोट करून विचारलं, "हे कोण?" कारकून म्हणाला, "यांची नोंद नाही, साहेब." पाच मिनिटांत काम संपलं. ज्याचा हात गेला तो त्यांच्या लेखी जन्मालाच आला नव्हता.

मी युनियनच्या पुढाऱ्याकडं गेलो. एरवी गेटावर घसा फाडून ओरडणारा माणूस. त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, "बिल्ल्याची भानगड आहे हो. यात पडलो तर उद्या अर्धं खातं घरी जाईल." त्याचंही बरोबर होतं. शिसारी येते ती याचीच. त्या प्रकरणात ज्याच्याकडं जावं त्याचं म्हणणं बरोबरच असायचं.

इथं थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण मिलला त्या वर्षी कायम माणसं कमी करायची होती. लेबर ऑफिसरनं मला बोलावलं. टेबलावर माझंच रजिस्टर उघडं होतं.

"अक्षर छान आहे तुमचं," तो म्हणाला. "या नोंदीप्रमाणं थोरल्याचा डावा पंजा गेलाय. पंजा नसलेला माणूस कार्डिंगवर कसा ठेवायचा?"

थोरला त्या वेळी खाली खात्यात दोन्ही हातांनी काम करत होता. साहेबानं सकाळीच त्याला बघितलं होतं.

"नोंद चुकीची असेल तर तसं लिहून द्या," तो हसत म्हणाला. "मग यंत्रावर कोण होतं, त्याला आत कुणी सोडलं, खिडकीत कोण बसलं होतं, सगळं बघावं लागेल. बोला, बरोबर आहे की चूक?"

लिहून दिलं असतं तर धाकटा त्या यंत्रावर होता, याला निदान एक कागद झाला असता. त्या खोलीत हे फक्त मीच करू शकत होतो. मला दोन मुली होत्या, भाड्याची जागा होती, आणि त्या क्षणी या दोन्ही गोष्टी मला फार मोठ्या वाटल्या.

"सांगितलं ते लिहिलं, साहेब."

"म्हणजे बरोबर."

"हो, साहेब."

आठ दिवसांनी कागद तयार झाला. तोही माझ्याच अक्षरात. डावा पंजा निकामी झाल्यामुळे मी काम करण्यास असमर्थ आहे, स्वखुशीने नोकरी सोडत आहे, मिलवर माझी कसलीही मागणी नाही. अंगठा दिला नाहीस तर खोट्या नावानं भरपाई मागितली म्हणून दोघांवर फिर्याद करू, असं साहेबानं थोरल्याला आधीच समजावलं होतं. दोघं भाऊ माझ्या टेबलाशी आले. मी कागद वाचून दाखवला. थोरला ऐकत होता आणि स्वतःच्या हाताकडं बघत होता.

"सायेब, कंच्या हाताचा अंगठा?"

"डाव्या," मी म्हणालो.

त्यानं डावा हात पुढं केला. पाच बोटांचा, कष्टानं राठ झालेला, धडधाकट हात. मी त्याचा अंगठा धरला, पॅडवर फिरवला आणि "डावा पंजा निकामी" या ओळीच्या खाली नीट दाबला. ठसा स्वच्छ उमटला. धाकटा पुढं झाला. त्यानं उजव्या हातानं सदऱ्याचं टोक धरलं आणि भावाच्या अंगठ्याची शाई पुसून काढली. दोघं गेले.

मग दुपारची सुट्टी झाली. माझ्या बोटांनाही शाई लागली होती. ती नळावर साबणानं धुतली, डबा उघडला आणि भाकरी, शेंगाचटणी, सगळं खाल्लं. भूक लागली होती. मी पोटभर जेवलो.