रोवणीचे हुकूम

आमच्या घरी पुस्तकांआधी पुस्तिका आल्या. वडील दरवर्षी दीक्षाभूमीवरून पिशवी भरून आणायचे आणि जेवणानंतर आम्हा भावंडांना मोठ्याने वाचायला लावायचे. त्यामुळे वाक्य हे कुणाला तरी जाब विचारण्यासाठीच असते, अशी माझी समजूत झाली. ती अजूनही पुरती गेलेली नाही.

पवनीजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवायला मदत करू लागले, तेव्हा तिथल्या मॅडमनी चौथीसाठी शनिवारचा एक तास राखून ठेवला होता. संगणक कसा विचार करतो, ते शिकवण्याचा तास. संगणक मात्र शाळेत नव्हता. एक मूल यंत्र व्हायचे आणि बाकीची त्याच्यासाठी फळ्यावर हुकूम लिहायची: पुढे चाल, डावीकडे वळ, खडू उचल.

मला चीड आली. ज्यांच्या पणज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे हुकूम पाळले, त्यांच्या पोरांना पुन्हा तेच शिकवायचे? मी मॅडमना तसे तोंडावर बोलले.

"यंत्र एकच पोरगं होते," त्या शांतपणे म्हणाल्या. "बाकी सारे हुकूम लिहून राहिले. तू त्याइच्याकडं पाह्य."

मी पाहिले. यंत्र झालेला मुलगा सरळ भिंतीवर जाऊन आदळला. पोरे हसली. मॅडम म्हणाल्या, "त्याले काहून हसता? हुकूम कोणी लिहिला?" वर्ग फळ्याकडे वळला, चुकीची ओळ शोधली आणि खोडली. मला उमगले: चुकीचे खापर पाळणाऱ्याच्या डोक्यावर फोडायचे नाही, लिहिणाऱ्याला विचारायचे, आणि लिहिलेले बदलता येते. आमच्या घरच्या पुस्तिका दुसरे काय सांगत होत्या? ते मला या बाईंनी खडूच्या तुकड्याने दाखवले. त्यांचे हे देणे मी विसरणार नाही.

यंदा धानाच्या रोवण्या, म्हणजे लावण्या, आटोपल्यावर शाळा समितीची बैठक भरली आणि हा तास बंद होण्याची वेळ आली. समितीच्या अध्यक्ष म्हणजे चौथीतल्याच एका मुलीची आई. रोवणीच्या दिवसांत बायांची टोळी त्याच नेतात, आणि बोलण्यात कुणाची भीड ठेवत नाहीत.

"संगणकाचा तास म्हणता, मंग संगणक कुठी आहे?" त्यांनी विचारले. "माझी बहीण जवाहरनगरले, फॅक्टरीच्या कॉलनीत राह्यते. तिचं पोरगं खरोखरचा चालवते. आमच्या पोरी व्हरांड्यात नाचून राहिल्या. त्यापेक्षा शिष्यवृत्तीची तयारी करून घ्या."

माझ्याजवळ उत्तराचे अख्खे भाषण तयार होते. मॅडमनी माझ्या हाताला हात लावून मला थांबवले आणि म्हणाल्या, "एक वेळ पाहून घ्या. मंग बंद करा म्हणाल तर बंद."

पुढच्या शनिवारी अध्यक्ष टोळीतल्या बायांना घेऊन आल्या, तेव्हा पोरांनी फळ्यावर रोवणीचे हुकूम लिहिले होते. व्हरांड्यात खडूने बांधी, म्हणजे धानाच्या शेताचा बांध घातलेला तुकडा, आखली; पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या जागी कडुनिंबाच्या काड्या घेतल्या. यंत्र व्हायला अध्यक्षांच्या मुलीने आईलाच उठवले. बाकीच्या बाया खिदळल्या. "जाय वो, मशीन बन," एक म्हणाली.

मुलगी हुकूम वाचू लागली. वाक. काडी ठेव. बाजूला एक वीत सोडून दुसरी ठेव. ओळ पुरी झाली की एक पाऊल टाक. आईने सवयीने पाऊल मागे टाकले.

"माय, मागं काहून गेली?" मुलगी म्हणाली. "मागं जाय असं आम्ही कुठी लिहिलं?"

"अवो, रोवणी मागंमागंच सरकत करतेत. हे का सांगा लागते?"

"तुले नाही लागत. मशीनले लागते. ते बांधीत कधी उतरलं?"

 आईने मुद्दाम पाऊल पुढे टाकले. लावलेल्या काड्या पायाखाली कडाकडा मोडल्या. बायांमध्ये हशा पिकला.

"आता चूक कोणाची?" आईने कमरेवर हात ठेवून विचारले.

"आमची," मुलगी म्हणाली आणि फळ्याकडे पळाली. तिने 'मागे' हा शब्द घातला. तेवढ्यात एक बाई म्हणाली, एका जागी किती काड्या रोवायच्या ते कुठे लिहिले आहे? दुसरी म्हणाली, वीत कोणाची, पोराची की बाईची? बघता बघता साऱ्या बाया फळ्यापाशी गेल्या. पोरे लिहीत होती, खोडत होती, आणि आया भांडत होत्या.

मॅडमनी अध्यक्षांना विचारले, "मंग या तासाचं काय करायचं?"

"राहू द्या," त्या नव्या काड्या मांडता मांडता म्हणाल्या. "पण खरा संगणक मी सोडणार नाही. पंचायत समितीत मागायले जाऊ. ही पोरगी बी संग येईल, इले बोलता येते."

मी म्हटले, मीही येते.

"ये ना," त्या म्हणाल्या. "पण पह्यले हिले बोलू दे."