पडद्याची वायर

साखरेच्या आजारानं बबनरावांची नजर अधू झाली आणि पेपर त्यांच्या हातून सुटला. तळेगावच्या चौकात बसून मोठ्यानं बातम्या वाचायच्या आणि त्यावर चार माणसांशी भांडायचं, यात त्यांची सकाळ जायची. आता ते घराबाहेर पडेनात. मोबाइलवरची अक्षरं तर त्यांना दिसतच नसत. म्हणून लेक अंकितानं सावंगीहून आपला जुना कॉम्प्युटर आणि मोठा पडदा पाठवला. दोन्ही जोडणारी वायर मात्र तिनं खोली बदलली तेव्हा हरवली होती.

बबनरावांच्या बायको भागीरथाबाई भाजी विकायला आर्वीच्या बाजाराला जात. तिथल्या विजेच्या सामानाच्या दुकानात त्यांनी "कॉम्प्युटरची वायर द्या" म्हटलं, तर लाइटची वायर मिळाली. पुढच्या खेपेला अंकिताला विचारून निळ्या टोकांची आणली. ती पडद्यात बसली, पण कॉम्प्युटरच्या डब्याला तशी जागाच नव्हती. जी जागा दिसली तिच्यात त्यांनी दाबून पाहिली आणि टोकातल्या पिना वाकल्या.

"राहू दे वं आता," बबनराव म्हणाले. "काऊन जिवाले त्रास करून राह्यली?"

पुढच्या बाजारी बाईंनी डबा, पडदा, वायर सगळंच गोधडीत गुंडाळलं आणि वांग्यांच्या कॅरेटांमध्ये ठेवून मालाच्या ऑटोत बसल्या.

"भाऊ, मले नावं समजत नाई," त्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या विवेकला म्हणाल्या. "कोणतं कशात जाते, तुमीच पाहा."

विवेकनं डबा फिरवून पाहिला. "मावशी, पडदा जुना, डबा त्याच्यापेक्षा नवा. दोघाईचं जमत नाई. मधात हे लागते."

त्यानं आगपेटीएवढा जोड काढला. त्याचं एक टोक चपटं, डब्यात बसणारं, दुसरीकडे निळ्या वायरीची जागा. मग सुईनं एकेक पिन सरळ केली. बाई वाकून पाहत होत्या. जोड लावताच पडदा उजळला, तसं त्यांनी सगळं काढून पुन्हा आपल्या हातानं लावून पाहिलं.

घरी अंकिता फोनवर सांगत गेली, तसा बाईंनी पडद्यावर पेपर उघडला, अक्षरं बोटाएवढी केली. बबनराव खुर्ची ओढून बसले. आधी अडखळले, मग आवाज मोकळा झाला.

भागीरथाबाई पालकाच्या जुड्या बांधत होत्या. इतक्या वर्षांत नवऱ्याचं वाचन त्यांनी ऐकलंच नव्हतं. चौकात बाया कुठं बसतात? बबनराव दम घ्यायला थांबले.

"थांबले काऊन?" त्या म्हणाल्या. "पुढचं वाचा नं."