दुधावरची जाळी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, दादाला तर नाहीच — त्याला कुठल्या तोंडानं सांगणार? तुम्ही आमच्या घरातले कुणी नाही, म्हणून तुमच्यापुढं जीभ रेटतीय.

पालीपासून सुरुवात करतो. हसू नका. कुणी पोपट पाळतं, कुणी ससे. मी काटेवाडीतल्या आमच्या घरात पाल पाळली होती. नव्वद सालानंतरची गोष्ट. कॉलेज अर्धवट सोडून घरी बसलो होतो, वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, शिव्या खात. एक दिवस दारात चेंगरून शेपूट तुटलेलं पालीचं पिल्लू सापडलं. बारामतीहून माशांची जुनी काचपेटी आणली, तळाला वाळू, वर कौलाचे तुकडे, आणि पेटी ठेवली स्वयंपाकघराच्या माळ्यावर, अडगळीमागं. आईला पालीचं नाव काढलं तरी शिसारी यायची. ती गुडघ्यांमुळं माळ्यावर चढत नव्हती, हे बरं होतं.

पण वहिनीला कळलं. दादाची बायको, पळसदेवची, लग्नाला वर्ष झालेलं. ओरडली नाही. उलट दिव्यावरची पाखरं काडेपेटीत धरून आणायची — "भावजी, तुमच्या लेकीचा डबा!" पाल वाटीतलं पाणी पीत नाही, काचेवर शिंपडलेले थेंब चाटते, हे आम्ही दोघांनी मिळून शोधलं. थंडीत वर झिरोचा बल्ब लावला. शेपटी पुन्हा आली, चांगली जाड. पालीची तब्येत शेपटीत दिसते. त्या घरात माझ्याशी हसून बोलणारी वहिनी एकटीच होती — हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

पावसाळ्यात पेटीत दमट व्हायला लागलं. वर पुठ्ठा झाकलेला, काचेला सारखा घाम. पाल कात टाकत होती आणि ती कात बोटांना चिकटून राहिली. अशानं बोटं सडतात. वारा खेळायला हवा होता. स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्यावरची तारेची जाळी दिसली, ती पेटीवर अगदी बेतानं बसली. कुणाला न विचारता उचलली. सांजच्याला परत ठेवू म्हटलं — आणि विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा चहा पिऊन झाला आणि वहिनीनं उरलेलं दूध ओतलं, तर पातेल्याच्या तळाशी पाल. भिंतीवरची, कुठली तरी. आबांनी ती बघितली आणि ओकायला लागले. घरभर बोंब. दादा डॉक्टरला आणायला धावला. आणि मी काय केलं? माळ्यावर चढलो, जाळी काढली, पेटीवर पुठ्ठा टाकला, आणि गडबडीत कुणाचं लक्ष नाही असं बघून जाळी तिच्या खुंटीला अडकवली.

दुपारपर्यंत आबा बरे झाले. पालीचं विष नसतं, डॉक्टर म्हणाला. पण ऐकतंय कोण?

आईनं वहिनीला समोर उभं केलं. दूध उघडं का? वहिनी म्हणाली, "जाळी गावली न्हाय आत्याबाई, कालपस्नं हुडकतीया." आईनं खुंटीकडं बोट केलं. "मग ही काय हाय? डोळ्यादेखत खोटं बोलतीस?"

वहिनीनं जाळी हातात घेतली. तारेत कातीचा कपटा अडकलेला होता, कांद्याच्या पापुद्र्याएवढा. तिनं तो नखानं काढला, मुठीत धरला. माझ्याकडं बघितलं. ती वाट बघत होती हो. एक शब्द मी बोललो असतो, तर काय झालं असतं — आबांनी कानफटात मारली असती. एवढंच ना?

"मुद्दाम क्येलंय हिनं," आई म्हणाली. "माझं कुकू पुसाय निघाली हुती."

आणि वर माळ्यावर पाल चुकचुकली.

बोलता बोलता पाल चुकचुकली की ते बोलणं खरं, असं आमच्याकडं मानतात. दादाचा चेहरा तिथंच बदलला. तोवर तो घुटमळत होता.

आठवड्यात वहिनीचे वडील येऊन तिला घेऊन गेले. निघताना ती माझ्याजवळ थांबली. हळूच म्हणाली, "पाणी शिंपडत जावा तिला." बाकी काही नाही. दादा आणायला गेला नाही. पुढच्या वर्षी त्याचं दुसरं लग्न झालं, अक्षता मीही टाकल्या. पळसदेवला ती भावाच्या संसारात राबतीय, असं कानावर येतं. मी इंदापूरला जातो तेव्हा एसटी तिथूनच जाते. धरणाचं पाणी उतरलं की बुडालेलं देऊळ वर येतं, लोक खिडकीशी गर्दी करतात. मी दुसरीकडं तोंड करून बसतो.

पाल पुढं बरीच वर्षं जगली. धडधाकट.

एक राहिलं. ऐकताना तुम्हाला वाटलं असेल, मी नुसता गप्प बसलो. मलाही तसंच वाटून घ्यायला आवडतं. पण गप्प नव्हतो मी. पाल चुकचुकली तेव्हा रिवाजाप्रमाणं, खरंय म्हणून, सगळ्यांनी जमिनीवर बोट आपटून "कृष्ण कृष्ण" म्हटलं — आईनं, आबांनी, दादानं. वहिनी माझ्याकडंच बघत होती. आणि मी खाली वाकलो, बोट आपटलं, आणि म्हणालो, "कृष्ण कृष्ण."