पावणेतीन इंची काडतुसं

द्राक्षबागेत पाखरं उठवायला कुणी फटाका लावला, की त्या जळक्या दारूच्या वासानं मी अजून वाट बदलतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी नाशिकला बंदुकांच्या दुकानात कामाला होतो. एका दुपारी पिंपळगावचे एक बागाईतदार आले. घड भरले होते आणि पाखरं बाग खात होती. त्यांची बारा बोरची बंदूक वडिलांच्या वेळची, अडीच इंची काडतुसाची. आमच्याकडे पावणेतीन इंचीच उरली होती. "भाऊ, हे जरा लांब हाय ना? चालंल का?" मी एक काडतूस त्यांनी सोबत आणलेल्या बंदुकीच्या नळीत सरकवलं. "काका, बसलं की! बसतं ते चालतं." "तू म्हनतो म्हंजे चालंल," म्हणत ते हसले. खरं तर मालकांनी मला शिकवलं होतं, की काडतुसाचं तोंड मुडपलेलं असतं म्हणून लांब काडतूसही आत बसतं. पण उडताना ते तोंड उघडायला जागा मिळाली नाही, तर जुनी नळी फाटू शकते. पण काका दुसऱ्या दुकानात गेले असते आणि मालकांनी मला फैलावर घेतलं असतं, म्हणून मी ते न सांगता काडतुसं बांधून दिली. तिसऱ्या दिवशी नळी फाटली आणि काकांची तीन बोटं गेली. चौकशीला आलेल्या हवालदाराला मी म्हणालो, "नळीत माती गेली असेल." दवाखान्यात काका मलाच समजावत होते, "तुझा काय दोष? म्याच नळी पुसली नाय." ते मरेपर्यंत सगळ्यांना हेच सांगत राहिले, आणि मी त्यांना सांगू दिलं.